पैठणचा वेताळ, लिंबागणेशचा वाचक

गेल्या दिवाळीत मी एक काम चोरून केलं. वय वर्षं चौऱ्याहत्तर, बत्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर, खाली ओसरीत पाहुण्यांची वर्दळ. आणि मी माळवदावरच्या खोलीला आतून कडी लावून चार जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचत बसलो होतो. विषय काय, तर सतरा वर्षांची एक मुलगी आणि वर्गात तिच्या शेजारी बसणारा एक रक्तपिशाच.

पुस्तकं नातीची. ती पुण्यात शिकायला होती, तेव्हाची तिची खोकी आमच्याकडे लिंबागणेशला येऊन पडली आहेत. त्यात स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' ही मालिका होती. २००५ ते २००८ या काळात तिचे चार भाग निघाले आणि जगभरच्या शाळकरी मुलींनी ते वेड्यासारखे वाचले. पहिला भाग मी नुसता चाळायला म्हणून उघडला. चौथा संपला तेव्हा तुळशीची लग्नं लागून गेली होती.

त्यातला नायक एडवर्ड हा १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता रक्तपिशाच झालेला आहे. ही तीच साथ, जिला आपल्याकडची म्हातारी माणसं मानमोडी म्हणायची. तेव्हापासून तो सतरा वर्षांचाच आहे. त्याचं कुटुंब दर काही वर्षांनी गाव बदलतं आणि तो पुन्हा शाळेत नाव घालतो. माणसाचं रक्त पीत नाही, रानातल्या जनावरांवर भागवतो. लेखिकेला त्यात प्रेमकथा दिसली. मला, खरं सांगतो, हजेरीपट दिसला. ऐंशी-नव्वद वर्षं शाळा सुटतच नाही, याहून भयंकर शाप मला तरी सुचत नाही! तरीही मी पानं उलटत होतो. पुढे काय, पुढे काय, असं होत होतं.

नातीचा फोन आला. तिला कुणीतरी सांगितलंच होतं. "आबा, ते मी आठवीत वाचलंय. तुम्ही काय करताय त्यात?"

मी म्हटलं, "बघतोय, तुम्ही पोरी काय वाचता ते."

हे वाक्य तोंडून गेलं आणि मी थबकलो. कारण हेच वाक्य मी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ऐकलं होतं, वडिलांच्या तोंडून.

आमचं लिंबागणेश मांजरसुंब्याहून पाटोद्याला जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या माळावर. भालचंद्र गणपतीचं गाव म्हणून लोक ओळखतात. कपाळावर चंद्र धारण करणाऱ्या देवाच्या गावात दर महिन्याला दुसरा एक चांदोबा यायचा, एसटीच्या कंडक्टरकडून, बीडहून. मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या एक महिना आधी, तेलुगू आणि तमिळमधून मुलांसाठी हे मासिक सुरू केलं. मराठी 'चांदोबा' १९५२ साली आला. आमच्या घरी तो माझ्या नावाने यायचा, पण माझ्या हाती सगळ्यात शेवटी. आधी वडील वाचत. "पोरांना वाचायला ठीक आहे का ते बघतो," म्हणत. चार-चार दिवस बघत. मग चुलते बघत. मग शेजारचे एक गृहस्थ, ज्यांना मूलबाळ काहीच नव्हतं, तेही बघायला घेऊन जात.

आणि बघायचं काय, तर विक्रम आणि वेताळ. त्याचं ते चित्र आठवा: रात्र, स्मशान, कवट्या, एका हातात उपसलेली तलवार घेतलेला राजा आणि त्याच्या खांद्यावर लोंबणारं प्रेत. ते चित्र काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकर, २०२० साली वारले. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गोष्टीची रीत ठरलेली. राजाने झाडावरचं प्रेत उतरवायचं, खांद्यावर टाकायचं, मुकाट चालायला लागायचं. प्रेतातला वेताळ रस्ता सरावा म्हणून एक गोष्ट सांगणार आणि शेवटी एक कोडं घालणार. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. आणि राजा बोलला की मौन मोडलं. वेताळ प्रेतासकट परत झाडावर. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मूळच्या गोष्टी पंचवीसच. त्या केव्हाच संपल्या, पण वाचक सोडेनात. तेव्हा संपादक मंडळी त्याच साच्यात नव्या गोष्टी घडवत राहिली, शेकड्यांनी. मालिका नावाची चीज काय असते हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने तिथून सुरुवात करावी.

आता तुम्ही म्हणाल, कुठे तो आपला वेताळ आणि कुठे ते अमेरिकन रक्तपिशाच. फरक आहेच. आपला वेताळ रक्तासाठी कुणाच्या गळ्याला दात लावत नाही. तो प्रेतात शिरतो, बोलतो, वाद घालतो. आपलं त्याच्याशी नातंही वेगळं. वेशीबाहेर शेंदूर फासलेला धोंडा म्हणून तो गाव राखतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला लोक वेतोबाला चपला वाहतात, कारण रात्रभर गावाची राखण करत फिरून त्याच्या चपला झिजतात! पुण्यात त्याच्या नावाची अख्खी टेकडी आहे. ड्रॅक्युलाला कुणी चपला वाहिल्याचं मी ऐकलेलं नाही. पण ही दोन घराणी एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत, आणि त्यांच्या ओळखीचा एक धागा आपल्या गोदावरीच्या काठावरून निघतो, हे मला नोकरीतली निम्मी वर्षं सरल्यावर कळलं.

झालं असं की सातवाहनांवर काही तयारी करताना 'कथासरित्सागर' हाती आला. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेला हा कथांचा प्रचंड संग्रह. त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत आणि त्यांची सुरुवातच अशी, की गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नावाचं नगर आहे, तिथे त्रिविक्रमसेन नावाचा राजा होता. प्रतिष्ठान म्हणजे पैठण. आमच्या बीडहून गेवराईमार्गे गेलं की गोदावरी लागते, तिच्याच काठाला. उज्जैनचा समजून ज्याला मी लहानपणापासून ओळखत होतो तो विक्रम, सोमदेवाच्या लेखी मराठवाड्याचा! त्या रात्री मला झोप आली नाही. जो राजा आमच्या भागातल्या एखाद्या नदीकाठच्या स्मशानात प्रेत वाहत होता, त्याला मी आजवर मद्रासहून आलेला पाहुणा समजत होतो.

त्याच ग्रंथात या सगळ्या कथांच्या जन्माची दंतकथा आहे, ती तर याहून विलक्षण. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजा एकदा राण्यांसह जलक्रीडा करत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे 'मा उदकैः', पाणी नको उडवू. राजाने मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला. (आमच्या गणपतीच्या गावात मोदक मागवल्याबद्दल कुणी हसलं नसतं, ते सोडा.) राजाला संस्कृत शिकायचं होतं. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. पैज लागली, गुणाढ्य हरला आणि पैजेप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडल्या. तो रानात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि त्या पैशाचीत त्याने सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने.

शिष्यांनी ती राजाकडे नेली. राजाने पाहिलं: भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची. नाक मुरडलं आणि परत पाठवली. मग गुणाढ्य एका टेकडीवर अग्नी पेटवून बसला. एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. ऐकायला रानातली जनावरं जमली, चरायचं विसरली, डोळ्यांतून पाणी गाळत उभी राहिली. तिकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुकं, निःसत्त्व मांस खाल्ल्यामुळे. शिकाऱ्यांना विचारलं तर कळलं की जनावरं उपाशी आहेत, ती गोष्टी ऐकताहेत. राजा धावत टेकडीवर पोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला तो एक लाख.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. वेताळाच्या गोष्टी गुणाढ्याच्या मूळ ग्रंथात होत्याच असंही अभ्यासक मानत नाहीत. त्या काश्मिरी आवृत्त्यांत दिसतात. पण सभ्य लोकांनी नाक मुरडावं अशा गोष्टींचं काय होतं, हे ज्या कुणी ती दंतकथा रचली त्याला पक्कं ठाऊक होतं. रक्ताने लिहिलेलं, भुतांच्या भाषेतलं, म्हणून दरबाराने नाकारलेलं.

आणि सोमदेवाने हे सगळं सांगितलं कुणासाठी? मुलांसाठी नव्हे. काश्मीरची राणी सूर्यमती, राजा अनंताची पत्नी, हिच्या मनाला विरंगुळा म्हणून. या राणीची हकीगत कल्हणाच्या राजतरंगिणीत येते. नवरा आणि मुलगा कलश यांच्यातलं भांडण विकोपाला गेलेलं, राज्य पोखरलेलं. शेवटी अनंताने स्वतःचा जीव घेतला आणि सूर्यमती सती गेली. तेव्हा या गोष्टींची आपल्याला नावानिशी माहीत असलेली वाचक, किंवा श्रोता, म्हणजे एक प्रौढ, थकलेली, घरातल्या कलहाने पिचलेली बाई. तिला कुणी म्हटलं नसेल की हे तुमच्या वयाला शोभत नाही.

गोष्टीही बघा ना. दोन पुरुषांची मुंडकी उडाली आहेत. देवीच्या वराने त्यांना जोडताना बाईच्या हातून अदलाबदल होते. आता नवरा कोणता, ज्याला नवऱ्याचं डोकं आहे तो की ज्याला धड आहे तो? याच गोष्टीवर टॉमस मान या जर्मन कादंबरीकाराने १९४० साली पुस्तक लिहिलं आणि गिरीश कार्नाडांनी १९७१ साली 'हयवदन'. ती मोठी साहित्यकृती. तीच गोष्ट चांदोबात आली की पोरांची.

मग ती पोरांची झाली केव्हा? मराठीपुरतं सांगायचं तर छापखाना आला तेव्हा. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे, ज्यांना बापू छत्रे म्हणत, हे शालेय पुस्तकं तयार करण्याच्या कामात होते. १८२८ साली त्यांचा 'बाळमित्र' आला, त्याच वर्षी 'इसापनीतिकथा', आणि १८३० साली 'वेताळपंचविशी'. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत, 'खोटे बोलू नये' याच्या शेजारी, वेताळ प्रेतात शिरून बसलेला आहे. मला ही गोष्ट फार आवडते. आमच्या अभ्यासक्रम मंडळींनी ती कधी मनावर घेतली नाही, इतकंच.

तिकडे इंग्लंडात १८१९ साली जॉन पॉलिडोरीची 'द व्हँपायर' ही कथा छापून आली होती आणि रक्तपिशाचांचा बाजार तेजीत होता. रिचर्ड बर्टन हा कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी, इथल्या भाषांच्या परीक्षा एकामागून एक दिलेला. हिंदीतली 'बैताल पचीसी' त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वाचनातली. बर्टनने १८७० साली तिच्यातल्या निवडक गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाला नाव दिलं 'विक्रम अँड द व्हँपायर'. वटवाघळासारखा उलटा लटकणारा वेताळ त्या एका शब्दाने व्हँपायर झाला. भाषांतर म्हणून हे चूकच आहे. पण विकायला बरं. पुढे लंडनच्या लायसियम नाटकगृहाचा व्यवस्थापक ब्रॅम स्टोकर या बर्टनला भेटला, आणि बोलताना वरचा ओठ उचलला की बर्टनचा सुळा खंजिरासारखा चमकायचा, असं त्याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं. स्टोकरचा 'ड्रॅक्युला' १८९७ सालचा. त्यावरून ड्रॅक्युला बर्टनवर बेतला असं म्हणायचा मोह अनेकांना होतो. मी तितकं लांब जाणार नाही. पण पैठणच्या स्मशानातून निघालेली वाट त्या नाटकगृहावरून गेली, एवढं मात्र खरं.

आपल्याकडे ती वाट पुन्हा नारायण धारपांनी आणली. धारप १९२५ चे, २००८ साली गेले. स्टीफन किंगची रक्तपिशाचांची कादंबरी त्यांनी 'लुचाई' या नावाने मराठी मातीत अशी रुजवली, की वाचताना अमेरिका आठवतही नाही. धारप वाचणारे पुष्कळ, पण चारचौघांत सांगणारे थोडे, असे दिवस मी पाहिले आहेत. २०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आला तेव्हा कुठे लोक उघड म्हणू लागले, की आम्हीही धारप वाचत होतो. हा संकोच आपल्यापुरता नाही म्हणा. हॅरी पॉटरच्या प्रकाशकांनी १९९८ साली मोठ्या माणसांसाठी वेगळं, गंभीर मुखपृष्ठ काढलं; आतला मजकूर तोच. माझे चुलते चांदोबा वर्तमानपत्राच्या घडीत घालून वाचत. त्यांना मुखपृष्ठाचा खर्च आला नाही.

आता जे सांगायचं टाळत होतो, ते सांगतो. १९८५ चा सुमार. दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' नुकतंच गाजायला लागलं होतं. मी जवळच्याच एका गावच्या शाळेत दहावीला इतिहास शिकवत होतो. मागच्या बाकावर एक पोरगा बाकाखाली पुस्तक धरून बसला होता. मी ते काढून घेतलं. भयकथा होती, वाचनालयातून भाड्याने आणलेली. कव्हर नाही, सुरुवातीची पानंही गेलेली. त्यामुळे नाव काय, लेखक कोण, कशाचाच पत्ता नाही. मी वर्गासमोर ते वर धरलं आणि असली भिकार पुस्तकं वाचणाऱ्यांचं काय होतं यावर पंधरा मिनिटं बोललो. पोरं हसली. तो मान खाली घालून उभा राहिला.

त्या रात्री मी ते पुस्तक कंदिलाच्या उजेडात एका बैठकीत संपवलं. वीज गेली होती, आणि एका वळणावर मी उठून दाराची कडी तपासून आलो. इतकं ते चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते शाळेच्या कपाटात टाकलं. पोराने दोनदा मागितलं. अनामत बुडेल, म्हणाला. मी दिलं नाही. पुढे त्या कपाटाला वाळवी लागली. ज्याने गुणाढ्याच्या जळत्या पानांची गोष्ट वर्गात डोळ्यांत पाणी आणून सांगायची, त्याने हे केलं. आधी केलं की नंतर, हे मी मुद्दाम आठवत नाही.

ट्वायलाइटचा चौथा भाग संपल्यावर चार-आठ दिवसांनी बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. एक टक्कल पडलेला गृहस्थ पाया पडला. "सर, ओळखलं का?" चौकात त्याचं दुकान आहे. पोरं शिकून नोकरीला लागली. मी ओळखलं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. इकडचं तिकडचं झालं. मग तोच हसत म्हणाला, "सर, एक विचारू? ते पुस्तक तुम्ही घेतलं होतं बघा. तळघराचं दार उघडतं तिथपर्यंत माझं झालं होतं. पुढे लय शोधलं, पण नावच माहीत नाही, तर मागणार काय? तुम्ही तरी वाचलं होतं का हो पुढे?"

वेताळाची शेवटची गोष्ट अशी आहे, की तिच्या कोड्याचं उत्तर राजाला खरोखरच येत नाही. म्हणून तो गप्प चालत राहतो आणि म्हणूनच सुटतो. मला ती सोय नव्हती. मला उत्तर येत होतं.

"वाचलं होतं," मी म्हटलं. "त्याच रात्री."

तो काही बोलला नाही. बाकड्यावर सरकून त्याने मला जागा करून दिली आणि आणखी दोन चहा सांगितले. मी तळघराच्या दारापासून सुरुवात केली. चाळीस वर्षं झाली, पण सगळं जागच्या जागी होतं: पायऱ्या, तो वास, कोपऱ्यातला रांजण. पाटोद्याची एक गाडी गेली, दुसरी गेली. शेजारच्या बाकड्यावरचा एक कॉलेजचा पोरगा मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागला. मी शेवटपर्यंत आलो आणि थांबलो.

"आणि ती म्हातारी?" त्याने विचारलं. "वाड्याच्या दारात बसलेली असायची ती?"

म्हातारी मी विसरलोच होतो. "थांब," मी म्हटलं, आणि पुन्हा पायऱ्यांपाशी गेलो.